वडिलांच्या मागे आईची फॅमिली पेन्शन: जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात काय होतं, काय होत नाही?

कोयनाकाठ

नमस्कार मंडळी. वडील मराठा लाइट इन्फंट्रीतून नायक हुद्द्यावर पेन्शनीवर आले होते. गेल्या महिन्यात पुण्यातल्या एका रुग्णालयात त्यांचं निधन झालं, वय ६३. पेन्शन स्पर्शवर (संरक्षण खात्याची ऑनलाइन पेन्शन प्रणाली) आलेली आहे. गाव सातारा जिल्ह्यात आहे, आई तिथेच राहते.

अडचणी अशा:

पीपीओवर (पेन्शन मंजुरीचा आदेश) आईचं नाव माहेरचं, म्हणजे 'शेवंता'. आधार, पॅन, बँक, रेशनकार्ड सगळीकडे सासरचं, 'मंगल'. जन्मतारीख पीपीओवर १९६६ मधली आहे आणि आधारवर ०१/०१/१९६४.

वडिलांचं पेन्शन खातं आईसोबत जॉइंट आहे. या महिन्याची पेन्शनही जमा झाली आहे.

धाकटी बहीण बी.एस्सी. नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला आहे, लग्न व्हायचं आहे. घर वडिलांच्या नावावर, ग्रामपंचायतीची घरपट्टी भरतो.

गावात सगळे सांगतात, "साताऱ्याला सैनिक बोर्डात जा, ते सगळं करून देतात." सैनिक बोर्ड म्हणजे हेच जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय. ते नेमकं काय करून देतात आणि आपल्याला काय करावं लागतं? कुठल्या क्रमाने जायचं?

---

अभिलेख_लिपिक

दादा, आधी एक गोष्ट स्पष्ट करून घ्या, म्हणजे अर्धे हेलपाटे वाचतील. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय पेन्शन मंजूर करत नाही. त्यांच्या हातात पेन्शनचा एक रुपयाही नसतो. पेन्शन मंजूर होते प्रयागराजच्या पीसीडीए पेन्शनमध्ये (संरक्षण खात्याचं पेन्शनचं लेखा कार्यालय), आणि त्यांना नोंदी पुरवतं रेजिमेंटचं अभिलेख कार्यालय. तुमच्या बाबतीत ते बेळगाव. सैनिक बोर्ड आहे राज्य सरकारचं, सामान्य प्रशासन विभागाखालच्या सैनिक कल्याण विभागाचं. त्याचं मुख्यालय पुण्यात, आणि जिल्हा सैनिक मंडळाचे अध्यक्ष असतात जिल्हाधिकारी. खर्चात केंद्राचाही वाटा असतो, ६० टक्के केंद्र आणि ४० टक्के राज्य, म्हणून तिथे दोन्हीकडच्या योजनांचे कागद फिरतात.

त्यांचं काम म्हणजे माणूस ओळखणं, कागद तपासणं, सही-शिक्का मारणं आणि योग्य टेबलाकडे पाठवणं. कमी वाटलं तरी खरी किंमत त्यालाच आहे. बेळगावच्या बाबूला तुमची आई कोण हे माहीत नसतं, साताऱ्याच्या अधिकाऱ्याची सही पाहून तो फाइल पुढे सरकवतो.

आता क्रम.

पहिलं, मृत्यूचा दाखला. निधन पुण्यात झालं, म्हणून नोंद पुण्याच्या महापालिकेत होणार, गावच्या ग्रामपंचायतीत नाही. बरेच जण इथेच चुकतात, ग्रामसेवकाकडे खेटे घालत बसतात. २१ दिवसांच्या आत नोंद असेल तर काही अडचण नाही. रुग्णालयात मृत्यू झाला असेल तर कळवायची जबाबदारी रुग्णालयाची, पण नाव काय लिहिलंय ते स्वतः बघा. पीपीओवर जसं आहे तसंच, अक्षरन् अक्षर. आडनाव आधी की नंतर, वडिलांचं नाव पूर्ण की आद्याक्षर, सगळं. दाखला छापून आल्यावर दुरुस्ती करायची म्हणजे पुन्हा रुग्णालयाचं पत्र, प्रतिज्ञापत्र आणि वाट बघणं. दाखल्यावर इंग्रजीतही नाव आहे ना ते पाहा. नुसता मराठी दाखला बेळगावात चालून जाईल, पण ज्यांचं अभिलेख कार्यालय जबलपूर, सिकंदराबाद किंवा लखनौला आहे त्यांना त्रास होतो. चार-पाच मूळ प्रती काढून ठेवा.

दुसरं, मृत्यू कळवणं. नावाचा घोळ सुटेपर्यंत थांबू नका. मृत्यूची नोंद स्पर्शवर लगेच करा. फॅमिली पेन्शनचा अर्ज नावापायी अडला तरी चालेल, नोंद अडता कामा नये. मृत्यूच्या दिवसापर्यंतची पेन्शन वडिलांची, दुसऱ्या दिवसापासून आईची फॅमिली पेन्शन. मधल्या काळात खात्यात जमा होणारी रक्कम ना त्यांची ना तिची. ती परत जाणार आहे.

जमा झालेली पेन्शन काढू नका. एटीएम कार्ड बाजूला ठेवा. जॉइंट खातं आहे म्हणून काढायचा हक्क आहे असं वाटतं, पण मृत्यूच्या तारखेनंतरची रक्कम वसूल होते, आणि बहुधा ती आईच्याच पहिल्या थकबाकीतून वळती होते. मग घरात "सरकारने पैसे कापले" अशी बोंब होते. खातं बंदही करू नका. पीपीओवर जिचं नाव आहे त्याच पत्नीसोबतचं जॉइंट खातं असेल तर फॅमिली पेन्शन त्याच खात्यात घेता येते.

वडिलांचं सिमकार्डही इतक्यात बंद करू नका. स्पर्शला नोंदलेला नंबर तोच आहे, ओटीपी तिथेच येतात.

तिसरं, नाव. इथे जरा सविस्तर लिहितो, कारण महाराष्ट्रातल्या फायली सगळ्यात जास्त इथेच अडकतात.

नावातल्या फरकाचे तीन प्रकार, आणि तिघांवर उपाय वेगळे.

एक, नुसता स्पेलिंगचा किंवा 'बाई' लावण्या-न लावण्याचा फरक. सुमन-सुमनबाई, लक्ष्मी-लक्ष्मीबाई. इथे बहुतेक वेळा आधार दुरुस्त करून घेणं सोपं. पण आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं आणि जन्मतारीख एकदाच, तेव्हा केंद्रावरच्या पोराला "कर काहीतरी" म्हणून सोडून देऊ नका. फॉर्मवर काय टाइप झालंय ते वाचून मगच अंगठा द्या.

दोन, नावांचा क्रम. लष्कराच्या नोंदीत आडनाव आधी किंवा आडनावच नाही, आणि आधारवर पूर्ण नाव. याला 'एकच व्यक्ती' असल्याचं प्रमाणपत्र आणि प्रतिज्ञापत्र बहुतेक वेळा पुरतं.

तीन, तुमचा प्रकार. माहेरचं नाव एक, सासरचं दुसरं. लग्न झाल्यावर जवानाने युनिटमध्ये लग्नाची नोंद केली, तिचा भाग दोन आदेश (जवानाच्या नोंदीत बदल करणारा लष्करी आदेश) निघाला, त्यात माहेरचं नाव गेलं. पुढे गावात बाईंचं नाव बदललं, आधार निघालं तेही नव्या नावावर. लष्कराला पत्ताच नाही. अशा वेळी आधार बदलायच्या फंदात पडू नका. आधार बदललं की पॅन, बँक, रेशन, सातबारा, गॅस सगळं उलटं बदलत बसावं लागतं. लष्कराची नोंद बदला. पीपीओला दुरुस्तीपत्र निघतं, त्याला कॉरिजेंडम म्हणतात.

त्यासाठी फाइल अशी बांधा: आईचा अर्ज, 'शेवंता आणि मंगल ही एकच व्यक्ती' असं सांगणारं प्रतिज्ञापत्र, वर्तमानपत्रातली जाहिरात (एक मराठी, एक इंग्रजी, पूर्ण पानं ठेवा, नुसतं कात्रण नको), तहसीलदाराचा किंवा ग्रामपंचायतीचा तसा दाखला, आधार, पॅन, बँक पासबुक, वडिलांचं डिस्चार्ज बुक (सेवेतून सुटताना मिळालेलं पुस्तक) आणि पीपीओ यांच्या प्रती, मृत्यूचा दाखला. या सगळ्यावर जिल्हा सैनिक कल्याण अधिकाऱ्याचं कव्हरिंग लेटर. फाइल बेळगावला त्यांच्या मार्फत जाऊ द्या. पोच आणि जावक क्रमांक लिहून घ्या. जावक क्रमांक नसेल तर पुढे पाठपुरावा कसला करणार?

प्रतिज्ञापत्राबद्दल एक. काही अभिलेख कार्यालयं नोटरीचं चालवून घेत नाहीत, न्यायदंडाधिकाऱ्यापुढचं मागतात. आधी सैनिक बोर्डात विचारा आणि मग करा, म्हणजे दोनदा खर्च होणार नाही. मजकुरात दोन्ही नावं, दोन्ही नावं कुठल्या कुठल्या कागदावर आहेत, वडिलांचा आर्मी नंबर, हुद्दा आणि रेजिमेंट आलंच पाहिजे. "मी वरील पत्त्यावर राहते" छापाचं तयार मसुद्याचं प्रतिज्ञापत्र हमखास परत येतं.

राजपत्रात नाव छापून आणा असंही कोणी सांगेल. राजपत्र असलं तर उत्तमच, पण ते नाव बदलल्याचं असतं, आजच्या तारखेपासूनचं. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी लग्नात बदललेल्या नावाला फक्त त्याच्यावर विसंबून राहू नका. प्रतिज्ञापत्र हवंच.

जन्मतारीख हलकी घेऊ नका. आधारवर ०१/०१ असलेली तारीख म्हणजे त्या वेळी कागद नव्हता, वय सांगितलं आणि सिस्टिमने एक जानेवारी लावली. आई शाळेत गेल्या असतील तर जुन्या शाळेतून दाखला किंवा जनरल रजिस्टरचा उतारा काढा, तोच निर्णायक. त्याप्रमाणे जे चूक असेल ते दुरुस्त करा, आधार किंवा पीपीओ. कुठल्या तारखेने फायदा होतो हे बघून निवडू नका. फॅमिली पेन्शन ८० व्या वर्षी २० टक्क्यांनी वाढते, ८५ ला ३०, ९० ला ४०, ९५ ला ५०, शंभरीला दुप्पट. जन्मतारखेवर पुढचं हे सगळं ठरतं, आणि संशय आला की सगळंच थांबतं.

---

सेवाकेंद्र_वाला

अभिलेख काकांनी मूळ सगळं सांगितलंच. मी स्पर्शच्या बाजूचं तेवढं लिहितो.

नोंद कुठे करायची? डीपीडीओ (संरक्षण पेन्शन वाटप कार्यालय), स्पर्शची सेवा केंद्रं असलेल्या बँक शाखा आणि सीएससी (गावोगावची सामायिक सेवा केंद्रं). या केंद्रांवर पेन्शनरकडून पैसे घ्यायचे नसतात, त्यांचा मोबदला संरक्षण लेखा विभाग देतो. कोणी "स्पर्शचे पाचशे होतील" म्हणालं तर दुसरीकडे जा. झेरॉक्स-स्कॅनचे पैसे वेगळे, ते द्या.

जाताना आईंना सोबत न्या. बरोबर घ्यायचं: १२ आकडी स्पर्श पीपीओ नंबर (बँकेच्या काळातला जुना पीपीओ वेगळा, दोन्ही ठेवा), मृत्यूचा दाखला, आईचं आधार, पॅन, पासबुक किंवा रद्द केलेला धनादेश, आणि आईचा स्वतःचा चालू मोबाइल नंबर. मुलाचा नंबर देण्याची सवय आहे सगळ्यांना. मग मुलगा नोकरीला दुबईला गेला की आईचं लॉगिन बंद. आईकडे साधा फोन असला तरी चालतो, ओटीपीच यायचा आहे.

सगळ्यात जास्त अर्ज परत येतात ते या कारणांनी: स्कॅन अस्पष्ट, दाखल्याचं एकच पान लावलेलं, बँक विलीन झाल्यामुळे जुना आयएफएससी, आणि पॅन-आधार जोडलेले नाहीत. परत आलेला अर्ज लॉगिनमध्ये पडून राहतो, घरी कोणी पत्र पाठवत नाही. आठवड्यातून एकदा बघत जा.

पेन्शन सुरू झाल्यावरचं एक. हयातीचा दाखला दरवर्षी लागतो. जीवन प्रमाण (हयातीचा ऑनलाइन दाखला) काढताना मंजूर करणारा अधिकारी म्हणून डिफेन्समधलं पीसीडीए पेन्शन अलाहाबाद आणि वितरण करणारी संस्था म्हणून स्पर्श पीसीडीए पेन्शन निवडायचं. सवयीने बँकेचं नाव निवडलं की दाखला यशस्वी दिसतो, मोबाइलवर प्रमाण आयडी येतो, आणि तरी पेन्शन थांबते, कारण तो भलत्याच ठिकाणी गेलेला असतो. पीपीओ नंबरही नवा, स्पर्शचा टाकायचा. शेतात राबलेल्या बायकांचे अंगठे मशीनवर उमटत नाहीत, त्यांच्यासाठी चेहऱ्यावरून ओळख पटवायचं ॲप आहे. सकाळच्या उजेडात, भिंतीकडे पाठ करून बसवा, पटकन होतं.

---

कोयनाकाठ

दोघांचेही आभार. रक्कम किती बसेल? वडिलांच्या पेन्शनमधून दर महिन्याला कम्युटेशनचे (पेन्शनचा काही भाग आधीच एकरकमी घेतल्याचे) पैसे कापले जात होते, ते आईच्या पेन्शनमधूनही कापत राहतील का?

---

अभिलेख_लिपिक

नाही. कम्युटेशनची कपात वडिलांबरोबर संपली. फॅमिली पेन्शन वेगळी मोजतात, तिच्यातून ती कापत नाहीत.

दोन दर असतात. साधा दर शेवटच्या पगाराच्या ३० टक्के. वाढीव दर ५० टक्के, पण वडिलांच्या पेन्शनपेक्षा जास्त नाही. निवृत्तीनंतर मृत्यू झाला तर वाढीव दर सात वर्षं, किंवा ते ६७ वर्षांचे झाले असते त्या तारखेपर्यंत, यातलं जे आधी येईल ते. वडील ६३ व्या वर्षी गेले, म्हणजे वाढीव दर साधारण चार वर्षं आणि मग साधा. ज्यांचे वडील ६७ नंतर जातात त्यांना वाढीव दर लागूच होत नाही. नोकरीत असताना मृत्यू झाला तर हिशेब वेगळा, तिथे दहा वर्षं.

यावर महागाई भत्ता. मूळ रक्कम ९,००० च्या खाली जात नाही. चार वर्षांनी रक्कम एकदम उतरली की घाबरून अर्ज करत सुटू नका. आदेशावर वाढीव दर संपायची तारीख लिहिलेली असते, आत्ताच बघून कॅलेंडरवर लिहून ठेवा.

आणखी एक, बहुतेक जण विसरतात. वडिलांचा आर्मी ग्रुप इन्शुरन्सचा विस्तारित विमा होता का ते डिस्चार्जच्या कागदात पाहा. निवृत्तीनंतरही ठरावीक काळ आणि ठरावीक वयापर्यंत तो चालू असतो. ६३ हे वय त्यात बसण्याची शक्यता चांगली आहे. दावा नामांकन असलेल्या व्यक्तीने करायचा. पेन्शन सुरू झाली म्हणजे विमा आपोआप येत नाही. बँकेच्या संरक्षण पेन्शन पॅकेजमधला अपघात विमा वेगळा. मृत्यू अपघाती असेल तरच तो लागू, आणि त्याची मुदत कडक असते, शाखेत लगेच विचारा.

---

सांगलीकर_ताई

मी राज्याच्या आणि मुलींच्या योजनांचं लिहिते, पेन्शनवर दोघांनी छान लिहिलंय.

पेन्शनची फाइल गेली की आईंच्या नावाने विधवा ओळखपत्र काढून घ्या. ते सैनिक कल्याण कार्यालयच देतं. नोंदणी 'महासैनिक' पोर्टलवर होते आणि मूळ कागद दाखवायला जावं लागतं. पुढच्या प्रत्येक योजनेला हे ओळखपत्र लागतं, म्हणून ते शेवटी नको. वडिलांचं माजी सैनिक ओळखपत्र जमा करावं लागेल, दोन्ही बाजूंची झेरॉक्स आधी काढा. जिल्ह्याला जाणं अवघड असेल तर कल्याण संघटक कोण आहेत ते विचारा. ही माणसं तालुक्याला ठरलेल्या दिवशी बसतात. अर्ज तपासून घ्यायचं अर्धं काम तिथे होतं.

ईसीएचएस (माजी सैनिकांची आरोग्य योजना): मुख्य सभासद आता आई. मृत्यूचा दाखला आणि फॅमिली पेन्शनचा आदेश लावून ऑनलाइन बदल करायचा आणि जवळच्या पॉलिक्लिनिकला कळवायचं. वर्गणी पुन्हा भरायची नाही. बहीण अविवाहित आहे आणि कमवत नाही तोवर आश्रित. तिचं उत्पन्न महिना ९,००० अधिक महागाई भत्ता यांच्या वर गेलं की पात्रता जाते, म्हणजे नर्सिंगनंतर नोकरी लागली की कार्ड परत करायचं. मुलगा २५ पर्यंतच.

बहिणीचं शिक्षण: पंतप्रधान शिष्यवृत्ती योजना, मुलींना महिना ३,००० आणि मुलांना २,५००. अर्ज केंद्रीय सैनिक बोर्डाच्या पोर्टलवर. अटी नीट वाचा: व्यावसायिक पदवी, बारावीला किमान ६० टक्के, आणि अर्ज पहिल्या वर्षालाच. दुसऱ्या वर्षी आठवण झाली तर गेलं, नंतर काहीही करता येत नाही. तुमची बहीण पहिल्या वर्षाला आहे म्हणून हे आजच बघा, आईची पेन्शन होईपर्यंत थांबू नका. लागणारे तीन कागद म्हणजे माजी सैनिकाची पाल्य असल्याचं सैनिक कार्यालयाचं प्रमाणपत्र, कॉलेजचं बोनाफाइड आणि बँकेचं प्रमाणपत्र. तिघांचे नमुने पोर्टलवर असतात, त्याच नमुन्यात हवेत. कॉलेजं आपल्या लेटरहेडवर भलतंच लिहून देतात आणि अर्ज परत येतो. खातं बहिणीच्या नावावर, आधारशी जोडलेलं.

इथे पुन्हा नावाचाच घोळ निघू शकतो. बहिणीचं नाव डिस्चार्ज बुकात आहे का? मुलं निवृत्तीनंतर झाली असतील किंवा जन्माची नोंद युनिटला कळवलीच नसेल तर ते नसतं. बारावीच्या गुणपत्रिकेवरचं आईचं नाव कुठलं आहे, शेवंता की मंगल, तेही बघून ठेवा.

साधी पदवी घेणाऱ्या मुलांसाठी वेगळं शिक्षण अनुदान आहे, रक्षामंत्री माजी सैनिक कल्याण निधीतून, हवालदार हुद्द्यापर्यंत, दोन मुलांना. हे महिना १,००० होतं, नोव्हेंबर २०२५ पासूनच्या अर्जांना २,०००.

लग्न: त्याच निधीतून मुलीच्या लग्नाला अनुदान, ५०,००० चं आता १,००,००० झालं आहे. हवालदारापर्यंत, दोन मुलींना, आणि विधवेच्या पुनर्विवाहालाही. वडील नायक, म्हणजे बसतं. अर्ज लग्नानंतर १८० दिवसांच्या आत. लग्नपत्रिकेवर भागत नाही, विवाह नोंदणीचा दाखला लागतो. आपल्याकडे लग्न लागल्यावर नोंदणीला सहा महिने कोणी जात नाही, आणि नेमके तेच सहा महिने इथे मोजले जातात.

हा अर्ज पोर्टलवर भरला की जिल्हा कार्यालय मूळ कागद पाहून पुढे पाठवतं, मग पुणे, मग दिल्ली, आणि पैसे थेट खात्यात. कागद दाखवायला तुम्ही गेलाच नाहीत तर अर्ज जिल्ह्यातच पडून राहतो. ऑनलाइन भरलं म्हणजे झालं, असं समजू नका.

घरपट्टी: राज्याची २०२० ची माजी सैनिक सन्मान योजना आहे, बाळासाहेब ठाकरेंच्या नावाची. माजी सैनिक आणि सैनिकांच्या विधवा यांना एकाच घराची घरपट्टी माफ. सैनिक कार्यालयाचं प्रमाणपत्र आणि अधिवासाचा दाखला लावून ग्रामपंचायतीत अर्ज द्यायचा. पाणीपट्टी यात नाही. वडिलांच्या नावावर सूट चालू असेल तर ती आपोआप आईकडे येत नाही. आधी ग्रामपंचायतीच्या नमुना ८ ला (घरांच्या कर आकारणीची नोंदवही) वारस नोंद करून घ्या. भाऊ, इथे सांभाळून: घर सगळ्या भावंडांच्या नावावर चढवलं आणि आईचं नाव कुठेतरी चौथं राहिलं, तर ग्रामसेवक सूट द्यायला का-कू करतो. आईचं नाव आधी लावा. ग्रामसेवकाने "आमच्याकडे आदेश नाही" म्हटलं तर शासन निर्णयाची प्रत सैनिक कार्यालयातून घेऊन जा, तोंडी वाद घालून उपयोग नाही.

---

कोयनाकाठ

ताई, शिष्यवृत्तीचं खरंच माहीत नव्हतं. बहिणीचं नाव डिस्चार्ज बुकात आहे, बघितलं. मला स्वतःला राज्य सरकारच्या भरतीत माजी सैनिकांच्या १५ टक्के जागांवर अर्ज करता येईल का?

---

सांगलीकर_ताई

नाही भाऊ. त्या जागा स्वतः माजी सैनिकांच्या. समांतर आरक्षण आहे ते, आणि पाल्यांनी त्या रकान्यात टिक केलं तर कागदपत्र पडताळणीत उमेदवारी जाते. युद्धात किंवा सेवेत प्राण गमावलेल्या वा अपंगत्व आलेल्या सैनिकाच्या कुटुंबातल्या एकाला त्यात वाव आहे, पण निवृत्तीनंतर आजाराने निधन हे त्यात येत नाही.

अभियांत्रिकी आणि वैद्यकीय प्रवेशाला मात्र पाल्यांसाठी संरक्षण कोटा आहे. महाराष्ट्राचे अधिवासी माजी सैनिक पहिल्या प्रकारात येतात. तिथे वडिलांचा अधिवास दाखला मागतात, मुलाचा नाही. घरात कोणी बारावीला असेल तर लक्षात ठेवा.

---

माणगंगा

धाग्याला जोडून विचारतो. आमच्या चुलत्यांनी काही वर्षं नोकरी केली, पेन्शन नाही. आता वय ६८, उत्पन्न काही नाही. त्यांना काही मिळेल का?

---

अभिलेख_लिपिक

मिळू शकतं. रक्षामंत्री निधीतून निराधार अनुदान आहे: ६५ च्या पुढचे, पेन्शन नसलेले, हवालदार हुद्द्यापर्यंतचे माजी सैनिक आणि त्यांच्या विधवा. महिना ४,००० होतं, नोव्हेंबर २०२५ पासूनच्या अर्जांना ८,००० केलं आहे. अर्ज जिल्हा कार्यालयाच्या शिफारशीनेच जातो.

पण सगळं एका ओळीवर अडतं. डिस्चार्ज बुकात सुटण्याचं कारण काय लिहिलंय? कराराची मुदत पूर्ण करून ग्रॅच्युइटी घेऊन सुटले असतील, किंवा वैद्यकीय कारणाने, किंवा पलटण कमी केल्यामुळे, तर माजी सैनिक धरतात. स्वतःच्या विनंतीवरून मध्येच सुटले असतील तर बहुतेक वेळा अडतं, आणि शिस्तभंगाने काढलं असेल तर नाहीच. आधी ते पान काढून जिल्हा कार्यालयात दाखवा, बाकी धावपळ नंतर.

बुक हरवलं असेल तर हरवल्याची पोलीस नोंद आणि प्रतिज्ञापत्र करून अभिलेख कार्यालयाकडे पर्यायी प्रमाणपत्र मागायचं. आर्मी नंबर आठवत नसेल तर जुन्या पत्रांच्या पाकिटांवर, मनीऑर्डरच्या पावत्यांवर, पेटीच्या झाकणावर शोधा. जुनी माणसं ट्रंकेवर नंबर रंगवायची.

पेन्शन नसलेल्यांना औषधोपचाराचीही मदत त्याच निधीतून आहे, साध्या आजाराला ५०,००० पर्यंत आणि गंभीर आजाराला दीड लाखापर्यंत. ईसीएचएसचे सभासद असणाऱ्यांसाठी ती नाही.

---

मार्केटयार्ड_बेळगाव

सीमाभागातल्या मंडळींसाठी दोन ओळी. रेजिमेंटचं अभिलेख कार्यालय बेळगावला आहे म्हणून सातारा-कोल्हापूरकडची माणसं थेट इथे येऊन उभी राहतात. त्याची गरज नाही, टपालाने मार्गी लागतं. यायचंच असेल तर साताऱ्याच्या पत्राचा जावक क्रमांक आणि तारीख घेऊन या, नाहीतर खिडकीवर "फाइल मिळाली नाही" एवढंच ऐकून परत जाल. आणि बेळगाव, खानापूर, निपाणीत राहणाऱ्यांनी नोंदणी कर्नाटकच्या सैनिक कल्याण खात्यात करायची, कोल्हापूरला नाही. केंद्राच्या योजना दोन्हीकडे सारख्याच, पण घरपट्टी माफीसारख्या राज्याच्या योजना जिथे राहता तिथल्या. कोल्हापूरला बदलून जायचं असेल तर इथल्या कार्यालयाचं ना-हरकत आणि जुनं नोंदणी कार्ड बरोबर न्या. दोन्हीकडे नाव ठेवलं की अर्ज दुबार दाखवतो.

जमिनीचा किंवा वारसाचा वाद असेल तर, जुलै २०२५ पासून राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाची वीर परिवार सहायता योजना सुरू झाली आहे. सैनिक बोर्डांतच कायदेशीर मदतीची केंद्रं उघडायची आहेत, वकिलाची फी नाही. तुमच्या जिल्ह्यात केंद्र कुठल्या दिवशी चालू असतं ते फोन करून विचारा.

---

सेवाकेंद्र_वाला

@कोयनाकाठ, एक राहिलं. पोर्टलवर तक्रार टाकताना "पेन्शन मिळाली नाही" एवढंच लिहू नका. स्पर्श पीपीओ नंबर, मृत्यूची तारीख, मृत्यू नोंदवल्याचा क्रमांक, दावा भरल्याची तारीख आणि बेळगावला गेलेल्या पत्राचा जावक क्रमांक, एवढं एका परिच्छेदात लिहा, आणि सोबत कागद एकाच पीडीएफमध्ये जोडा. आधी स्पर्शवरच तक्रार करा. तिथे नुसतं "कळवण्यात आले" म्हणून बंद केली तर मग केंद्राच्या सीपीग्राम्स या तक्रार पोर्टलवर जा आणि स्पर्शच्या तक्रारीचा क्रमांक तिथे लिहा.